बऱ्हाणपूरचा बस्ता

केदारखेडा, १९ एप्रिल १९९४, मंगळवार

आमच्या सुमीच्या लग्नाचा बस्ता आज झाला. मध्य प्रदेशात कापड स्वस्त, म्हणून दोन्हीकडची माणसं जीपने बऱ्हाणपूरला गेलो होतो. भाव खरोखरच कमी. पण माझ्या हातून चूक झालीच. बस्त्यात आधी देवाचं वस्त्र घ्यायचं, मग नवरीचं. मला माहीत नव्हतं का? होतं. तरी दुकानात बसल्या बसल्या मी शालू मागितला.

काका सगळ्यांदेखत ओरडले, "देवाच्या आधी नवरी? अपशकुन करून राह्यला का?"

सुमीची होणारी सासू समोरच बसलेली. वाटलं, आता हे सुमीला जन्मभर ऐकावं लागणार.

त्या बाईंनी शालू एका हातानं अलगद बाजूला सारला. म्हणाल्या, "नुसता पाह्यला, घेतला न्हाई. देव काय एवढ्यानं रुसतो? रुसायचं काम आपल्या सोयऱ्यांचं!"

काकासुद्धा हसले. मग आधी देवीचं पातळ घेतलं.

नंतर सगळे मावा जिलेबी खायला गेलो. मी माझी ताटली तशीच ठेवली. सुमीच्या सासूबाईंनीच ती पुढे सरकवली. "खा लेकरा, सकाळपासून काई खाल्लं न्हाई तू." हे त्यांनी कधी पाहिलं? शालू बाजूला सारणारा तो हात अजून डोळ्यांपुढे आहे. किती सहज सारला. त्यांचे उपकार कसे फेडावेत?

घरी आल्यावर, मागं थांबलेल्या सुमीनं गाठोडं उघडलंच नाही. हळूच विचारलं, "दादा, सासू कशी हाय रे?"

मी म्हणालो, "तिथं तुझं काही चुकलं, तरी निभंल."