मागच्या सीटवरचा चहा

बाबा, गाडी घेतली. छोटीच आहे, पांढरी. तुम्ही असतात तर रंग, इंजिन काही बघितलं नसतंत. मागचं दार उघडून सीटवर मूठ दाबली असतीत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण शोरूममध्ये दार उघडल्याबरोबर माझी मूठ आपोआप सीटवर गेली. नवरा म्हणाला, अगं, आधी स्टिअरिंग तरी बघ.

गाडी घेतली ती आईसाठी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालते छान, पण गुडघा पूर्वीसारखा दुमडत नाही. एसटीची पायरी चढवत नाही, आणि जीपमध्ये चौघांच्या जागेत सहाजण बसले की पाय ठेवायचा कुठे? ती शहापूरला माझ्याकडे असते, मामा टोकावड्याला, त्यामुळे दोन भाऊबीजा फोनवर झाल्या. मामा तिकडे पाटावर बसायचा, आई इकडे मोबाइलसमोर निरांजन फिरवायची, आणि मग दोघं भात कसा आलाय यावरच बोलत राहायची. मामाही ऐंशीला टेकलाय. यंदा आई म्हणाली, "मला एकदा त्याच्या ओटीवर बसायचाय. मंग काय नाय."

मी लगेच गाड्या बघायला लागले, आणि बघताना सारखं आपलं मुरबाडचं दुकान आठवत होतं. स्टँडमागचं, जीपच्या सीटा शिवायचं. नवी सीट दोन खोक्यांवर मांडली आहे, तिच्यावर एक ड्रायव्हर बसलाय, तुम्ही समोरून चहा मागवलाय आणि त्याच्या मुलीचं लग्न कुठे जमलं ते विचारताय. सीटबद्दल अवाक्षर नाही. नजर मात्र त्याच्या कमरेवर. चहा संपायच्या आत तो चुळबुळला, एका अंगावर कलला, तर सीट उसवून पुन्हा भरायची. मी दहा वर्षांची, बाजूला काथ्या पिंजत बसलेली. एकदा मी उत्साहाच्या भरात त्याला विचारलं, काका, सीट चांगली आहे ना? तो म्हणाला, एकदम झकास. तो गेल्यावर तुम्ही मला चांगलंच झापलंत. "इचारायचा नाय गो, बगायचा. माणूस तोंडानं खोटा बोलंल, ढुंगणानं नाय." पोरीसमोर काय बोलता म्हणून आईनं तुम्हाला झापलं ते वेगळंच. पण बाबा, पुढे स्थळ बघायला आलं तेव्हाही मी चहा दिला आणि बघत बसले. तो हलला नाही. संसार बरा चाललाय.

तर मी थर्मास भरून घेतला आणि आम्ही कल्याणला तीन गाड्या बघितल्या. सीटवर चहा सांडेल म्हणून प्रत्येक ठिकाणचा सेल्समन धास्तावलेला. पहिली गाडी आतून चांगली ऐसपैस, गुडघ्यापुढे वीतभर जागा. पण सीट इतकी खाली की आई बसली नाही, पडली, आणि बसकण आखूड म्हणून मांडी निम्मी हवेत. अर्धा कप चहा शिल्लक असतानाच तिनं हात टेकून कूस बदलली. सेल्समन डिकी किती लिटरची आहे ते सांगत होता. आई म्हणाली, "लिटरात काय मोजतोस बाबा, पाणी भरायचाय?"

दुसरी उंच, दार मोठं, वाकायला नको. पण पाठ ताठ फळीसारखी, आणि मध्ये बसणाऱ्याच्या पायाखाली उंचवटा. मी दोन घोटांत हलले, आई चौथ्याला. तिसरी गाडी टेप लावली तर तिन्हींत लहान. मागे तीन माणसं बसली की खांदे घासतात. पण सीटनं मांडी शेवटपर्यंत धरली आणि पाठीला जरासा कल होता. आईनं कप हातात घेतला आणि लग्नानंतर टेम्पोत भांड्यांवर बसून सासरी कशी आली ते सांगायला लागली. चहा संपला. रिकामा कप तसाच हातात, आणि गोष्ट माझ्या जन्मापर्यंत आली. सेल्समन "आजी, सीट कशी..." असं विचारायला पुढे झाला, त्याला मी हातानंच थांबवलं.

घोडं अडलं ते उतरताना. सीट दोन बोटं खाली होती, गुडघा अडकला, आणि मला तिला दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं. तिचा चेहरा उतरला. "ऱ्हावदे गो," ती म्हणाली, "फोनवर बोलतो तसाच बोलू." मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर तुम्ही शिवलेली गादी आठवली. मला नोकरी लागली तेव्हा ऑफिसच्या खुर्चीसाठी दिली होतीत ती. जीपच्या सीटचं उरलेलं मरून रेक्झिन, कडेनं पिवळी पायपिंग, आत ठासून काथ्या. कपाटावरून काढली, पुसली. बरोबर दोन बोटं उंच. आईनं तिच्यावर मूठ दाबली आणि म्हणाली, नवीच दिसते गो. मी म्हणाले, काथ्या पक्का असतो. दुसऱ्या दिवशी गादी घेऊन पुन्हा शोरूममध्ये गेलो. आई बसली, चहा प्यायली, आणि दाराला एक हात लावून आपली आपण उतरली. गाडी त्याच दिवशी बुक केली.

भाऊबीजेला किन्हवलीवरून टोकावड्याला गेलो. आई ओटीवर बसली, मामाला ओवाळलं, दोघं रडली, जेवली. मग मामाला गाडी बघायची होती. तो मागे आईशेजारी जाऊन बसला आणि तासभर दोघं उतरायचं नाव घेईनात. मामीनं चहा तिथेच नेऊन दिला. मी ओटीवरून बघत होते. कोणी हललं नाही, बाबा. मला इतकं बरं वाटलं की तुम्हाला लिहायला बसले.

हा कागद गाडीच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली राहील, कोणी वाचणार नाही. म्हणून एक खरं सांगून टाकते. तुम्ही एकदा माझ्या ऑफिसात आला होतात, तेव्हा खुर्चीवर गादी नव्हती. तुम्ही काही विचारलं नाहीत. मीच सांगितलं, धुवायला नेलीय. रेक्झिन कोणी धुवायला नेत नाही, फडक्यानं पुसतात. गादी पहिल्या दिवसापासून कपाटावर होती. जीपच्या सीटवर बसते म्हणून बरोबरच्या मुली हसतील, याची मला लाज वाटली होती. तुम्ही "बरा हाय" म्हणालात आणि शांतपणे चहा प्यायलात. तो संपेपर्यंत मी खुर्चीत तीनदा हलले, आणि तुम्ही बघत होतात.