गोटा गरगरत नाही

सुरत, मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा पांढरकवड्याहून बहिणीचा, सुनीचा फोन. "दादा, जवारी खाऊन राह्यले पोपट. गोफणीतला गोटा दूर जाते, पण ते भीतच नाही."

भितील कायले? गोटा गरगरत गेला तरच भणभणते, अन् पाखरं त्या आवाजालेच भितात. सोडतानी मनगट वळव, किती वेळा सांगू हिले? शेवटी व्हिडिओ मागवला. मनगट तर बरोबर वळवते. मंग काहून गरगरत नाही? पुन्हा पाह्यलं. गोफण खताच्या गोणीची. प्लास्टिकवरून गोटा नुसता घसरते, फिरत नाही.

"अंबाडीच्या दोरीची गोफण कुठं गेली?"

"तूच नेली नं, बॅग बांधाले."

बॅगेले अजून तीच बांधून आहे. इथं खिडकीत साधी चिमणी येत नाही.