आईने सैल केलेले मोजे

३ जून

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. नात मजेत आहे. दूध पिते, झोपते आणि बापाने उचललं की न चुकता त्याचा शर्ट खराब करते.

माझ्या पायांचं मात्र काही खरं नाही. बाळंतपणानंतर पोट उतरलं, पण पोटऱ्यांवरच्या शिरा उतरायचं नाव घेत नाहीत. निळ्या, जाड, गाठी आलेल्या. संध्याकाळी घोटे सुजतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, बऱ्याच जणींच्या शिरा काही महिन्यांत कमी होतात, तोवर मापाचे घट्ट मोजे घालायचे, तेही सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी. सूज ओसरेपर्यंत फार वेळ उभं राहायचं नाही. आणि मी पडले केस कापणारी! पार्लरची मालकीण महिनाअखेरपर्यंत माझी जागा राखून ठेवणार, मग दुसरी मुलगी घेणार. ती जागा गेली तर मी भोकाड पसरेन, आत्ताच सांगून ठेवते.

एका मोज्याची वरची पट्टी उसवली आहे. जोडी सोबत पाठवते, तेवढी शिवून दे. तोवर मी पाय उशीवर टाकून राणीसारखी लोळते.

तुझी लाडकी आणि सध्या आळशी,
चिऊ

८ जून

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

मोजे शिवून पाठवते आहे. पट्टी तर बसवलीच, शिवाय थोडं माझंही डोकं चालवलं आहे. काय ते विचारू नकोस, पायाला सुख लागलं की आईची आठवण काढ. तुझे बाबा म्हणतात, मुलीच्या कामाला रांग मोडून पहिला नंबर दिलास, माझा पायजमा दिवाणावर वाट बघतोय. बघू दे वाट.

नातीचा पापा घे. तिच्या बापालाही जेवायला घालत जा.

तुझी,
आई

२० जून

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पायाला सुख लागलं खरं, पण सूज दुप्पट झाली. डॉक्टरबाई चक्रावल्या. मोजा ओढून बघितला, दुकानदाराने फसवलं म्हणाल्या. मग त्यांनी तो उलटा केला आणि आत मोजा सैल करायला लावलेली जोडपट्टी दिसली. तो टाका मी झोपेतही ओळखेन. शाळेचे माझे सगळे फ्रॉक तू त्याच टाक्याने वाढवलेस. अगं, घट्टपणा हेच त्या मोज्यांचं औषध! बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

नवी जोडी आणली, सूज ओसरते आहे. मालकीणबाईंनी उंच स्टूल दिलंय, पुढच्या आठवड्यापासून अर्धा दिवस बसून केस कापणार. जागा वाचली.

आता तुझी पाळी. ते काचतात हे तुला कळलं कसं? मी तर तसं लिहिलं नव्हतं. स्वतः घालून पाहिलेस ना? आपले पाय तर एकाच मापाचे, माझ्या चपला तूच झिजवायचीस. मग मला सोसवले ते तुला एवढे काचले कसे? बाबांना फोन केला. म्हणाले, ती शिलाई मशीनवरून उठताना भिंत धरते. आई, पाय दाखव.

तुझी चौकस,
चिऊ

२ जुलै

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

बाबा फितूर निघाले. त्यांचा पायजमा आता कधीच होणार नाही.

शिरा तुझ्या वेळच्याच आहेत. बाळंतपणात असं व्हायचंच, असं समजले आणि माझे कपडे जरा लांब शिवत गेले. शिवणकाम येण्याचा तेवढा फायदा. तुझे मोजे काचले तेव्हा वाटलं, माझ्या पोरीला हे नको. म्हणून सैल केले. चुकलंच.

इतक्या वर्षांत पाय दाखव म्हणणारी तूच पहिली. वाचून रडले. बाबांना सांगितलं की कांदा चिरत होते. ते म्हणाले, मशीनवर?

इथल्या डॉक्टरांना पाय दाखवला, त्यांनी माप घेऊन मोजे दिले. सकाळी बाबा एक ओढतात, मी एक. भयंकर घट्ट आहेत. बाबांनी माझी कात्री लपवली आहे. कुठे, ते मला पहिल्याच दिवशी कळलं, पण मी ती तिथेच राहू दिली आहे.

तुझ्याच मापाची,
आई