चार पर्याय आणि दोनशे चाळीस नावं

१४ सप्टेंबर २००८, रविवार. लातूर.
आजपासून रोजनिशी. डॉक्टरेट मिळाल्यावर लोक विचारतील, कसं जमवलं सर? तेव्हा तारखेनिशी सांगता यावं.
प्रबंध लिहून झाला. भूकंपातून वाचलेल्या एका गावच्या दोनशे चाळीस माणसांच्या आठवणी. मजकुरात नुसते नंबर, एक ते दोनशे चाळीस. कुठल्या नंबरचा माणूस कोण, ते फक्त शेवटच्या सूचीत. शास्त्रीय पद्धत आहे. सूची तेवढी सॉफ्टवेअरमधून काढायची बाकी. पंधरा मिनिटांचं काम.
मुलाखतींचे फॉर्म मागच्या दिवाळीतच रद्दीत दिले. पत्नी शिल्पा राहू द्या म्हणत होती. बायकांना कागदाचा मोह सुटत नाही.
माझ्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या नव्या फ्लेक्सवर 'डॉ. सुदर्शन सर' टाकायला सांगितलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.
औशाच्या पुढं गावात जाऊन आलो. नंबर एक, धोंडाबाई, भेटल्या. भूकंपाच्या पहाटे नवरा ग्यानोबा आणि दोन लेकरं गेली त्यांची. पहिली मुलाखत त्यांनीच दिली, आणि मग सगळं गाव बोलतं केलं. आज परत तेच म्हणाल्या, सर, मेलेल्यांची नावं दगडावर हायत, जित्यांची कुठंच न्हाईत, तेवढी तुमच्या बुकात येऊ द्या.
तीस तारखेला, भूकंपाच्या दिवशी, पुस्तक घेऊन येतो असा शब्द दिला. चहा फार गोड होता.

२१ सप्टेंबर, रविवार.
टायपिंगच्या दुकानातला आसिफ आला होता. सगळी नावं त्यानंच टाइप केली आहेत. पोरगा हुशार, पण क्लास न लावलेला. म्हणाला, सर, रमजानचे शेवटचे दहा दिवस हिमायतनगरच्या मशिदीत एतेकाफला बसून राहिलो, ईदपर्यंत बाहेर येत न्हाई, फोनपण बंद. मराठी अक्षरांची फाइल हाय, सॉफ्टवेअरला नुसती चालत न्हाई. आल्यावर करून देतो, तोवर तिला हात लावू नका.
मी हो म्हटलं. त्याच्या दुकानातली कॉपी मात्र तिथं जाऊन, समोर बसून डिलीट करायला लावली. आमचे सहकारी शेषेराव त्याच दुकानात जातात आणि त्यांचाही विषय भूकंपच आहे. सावध असलेलं बरं.

२२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११.
हात लावला. दहा दिवस थांबणं म्हणजे आपल्या बुद्धीचा अपमान.
सॉफ्टवेअरमध्ये फाइल घातली तर नावांच्या जागी चौकोन आले. म्हणून फाइल उघडून 'सेव्ह ॲज' केलं. खाली विचारलं, एन्कोडिंग? पर्याय चार! मला हसूच आलं. चार पर्यायांसमोर आणून उभं केलं ते कोणाला?
तंत्राप्रमाणे गेलो. दोन पर्याय सारखे दिसत असतील तर दोन्ही चूक. 'युनिकोड' शब्द दोघांत होता. दोन्ही बाद. तिसऱ्यात विनाकारण आठचा आकडा, म्हणजे फसवा. राहिला 'एएनएसआय'. एकूण वेळ सहा सेकंद.
मग एक इशारा आला, चांगला तीन ओळींचा. पोरांना मी नेहमी सांगतो, पहिलं उत्तर बदलू नका, पेपर काढणारा तुम्हाला घाबरवतो. ओके दाबलं. तीच फाइल, तेच नाव. पेन ड्राइव्हवरही तेच केलं, दोन्हीकडे सारखं असावं म्हणून.
आसिफला उगाच भाव चढला होता.

२३ सप्टेंबर, मंगळवार.
सूचीत चौकोन नाहीत. प्रगती आहे. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. नंबर एकपासून दोनशे चाळीसपर्यंत.
फॉन्टचा प्रॉब्लेम असणार. एकोणीस फॉन्ट बदलून पाहिले. काहींत प्रश्नचिन्हं फारच सुंदर दिसतात.
उरलेले तिन्ही पर्यायही वापरून पाहिले. प्रश्नचिन्हं ढिम्म.
शिल्पा म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आपल्याकडे बैल नाही, हे तिच्या लक्षात आणून दिलं.
जेवण गेलं नाही. पित्त असावं.

२५ सप्टेंबर, गुरुवार.
हिमायतनगरला जाऊन आलो. आधी आसिफच्या घरी. त्याची आई रहमतबी म्हणाली, पोरगा अल्लाशी बोलून राहिला, तुमच्या फाइलीपायी उठवणार न्हाई. दोनशे चाळीस माणसांची नावं आहेत म्हटल्यावर मशिदीपर्यंत स्वतः सोबत आली.
आसिफ पडद्याआडून आला. सगळं ऐकलं. इशारा वाचला का, एवढंच विचारलं. मी तंत्र समजावून सांगितलं. मग म्हणाला, सर, ती अक्षरं लपलेली न्हाईत. गेली. अक्षराच्या जागी नुसतं चिन्ह राह्यलं, आता त्यातून परत काय निघत न्हाई. दुसरी कॉपी हाय का?
मी आठवण करून दिली, की तुझ्याकडची आपण डिलीट केली. आपण न्हाई सर, तुम्ही, असं म्हणाला आणि आत गेला.
रोज्यात उपाशीपोटी माणसाचं डोकं चालत नाही. ईदनंतर काढेल मार्ग. बसमध्ये मात्र पूर्ण वेळ डोळा लागला नाही. रस्ता खराब आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार. नांदेड.
विचार करून निर्णय घेतला. दोष स्क्रीनचा आहे, प्रिंट नीट येईल.
प्रिंट काढली. पाच प्रती बाइंडिंगला दिल्या. बाइंडर जलीलभाईंनी शेवटची पानं चाळली आणि विचारलं, प्रश्नसंच हाय का सर? क्लासच्या पोरांचा?
हो म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार. नांदेड.
गाइड आप्पासाहेब सरांनी सूची पाहिली, चष्मा पुसला, परत पाहिली. म्हणाले, ही माणसं होती ना हो? की तुम्हीच घरी बसून लिहिलं? मी शपथ घेतली. ते म्हणाले, मग नावं आणा, त्याशिवाय सही होणार नाही. सहा तारखेला मुदत संपते, पुढे नोंदणी रद्द.
लातुरात फ्लेक्स लागला आहे. चौकातून दिसतो.
उद्या गावात जायचंच आहे. म्हाताऱ्यांना कुठं वाचता येतं? सोनेरी अक्षरांचा पुठ्ठा दाखवायचा, सूचीवर बोट ठेवायचं, नमस्कार करून निघायचं. कोणाचंच नुकसान नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार.
सगळं गाव मेलेल्यांच्या नावांच्या दगडापाशी जमलं होतं. फुलं वाहून झाल्यावर धोंडाबाईंनी पुस्तक मागितलं. पदराला हात पुसून घेतलं. मी नंबर एकवर बोट ठेवलं आणि म्हणालो, ह्या तुम्ही.
त्यांनी माझं बोट बाजूला केलं. ओळ पाहिली. पान उलटलं, पुढचं पाहिलं, शेवटपर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, सर, ह्यात मी न्हाई.
भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये साक्षरतेचा वर्ग भरायचा. मदतीच्या कागदावर अंगठा लावायचा नाही म्हणून त्या तिथं एकच गोष्ट शिकल्या होत्या. स्वतःचं नाव. तेवढंच वाचता येतं त्यांना. हे त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं. मीच लिहून घेतलं होतं.
मला सॉफ्टवेअर म्हणायचं होतं, फॉन्ट म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, नावं माझ्याकडून पुसली गेली.
धोंडाबाईंनी माझ्या खिशातला पेन काढला, खाली बसल्या आणि प्रश्नचिन्हांवरच, मोठ्या अक्षरांत, सावकाश लिहिलं, धोंडाबाई ग्यानोबा. मग पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, बाकीच्यांला लिवता येत न्हाई. तुम्ही लिवा.
एकेक जण समोर येऊन बसला. नाव काय, असं मी विचारत गेलो. शरमेनं मान वर होईना. जो तो आधी एकच म्हणायचा, मागल्या खेपेला सांगितलं हुतं की सर.
सूर्य बुडेपर्यंत त्रेचाळीस झाली. काही जण दरम्यान वारले आहेत, त्यांची नावं धोंडाबाईंनी सांगितली.
उद्या परत जायचं आहे. वही घेऊन.