सिनेमातला म्हातारा नाचला

हो बा, पायला सिनेमा. फुकटात पायला, वरून चहा-बिस्कुट खाल्लं, अन् कसा झाला ते सांगाचा मानही मलेच भेटला. हसू नोको. आता मी नागपुरात राहून राहिली, इथल्या मोहल्ल्यातल्या महिला मंडळाले सरकारी निरोप आला होता, सिनेमाची पारख कराले एक साधी बाई धाडा. बाया म्हणाल्या, इची जीभ कधी बसत नाई, इलेच धाडा. म्हणून इथल्या एका हॉलात पुढच्या खुर्च्यायवर एका बाजूनं वकीलसाहेब, दुसऱ्या बाजूनं कॉलेजातल्या प्रोफेसरबाई, अन् मधात तुही चवथी पास पोट्टी, लुगड्याचा पदर सावरत. तू असता तर दाराजवळ खालीच बसला असता, अन् मलेही खाली ओढलं असतं.

आता ऐक. जुन्या काळातलं एक राज्य. तिथं बाजारात माणसं विकत, बैलासारखे दात पाहून. एक भला माणूस राजाशी भांडते, हे बंद करा म्हणते. भांडता भांडता त्याचे केस पांढरे होते, पण सदऱ्याले एक डाग पडत नाई. मी प्रोफेसरबाईले हळूच म्हतलं, "बाई, याचे कपडे धुते कोण? त्या धुणाऱ्याले कोणी सोडवलं का?" बाईनं तोंडावर रुमाल धरला. शेवटी राजा हुकूम काढते, सगळे गुलाम सुटते, अन् एक म्हातारा गळ्यातला दोर फेकून ढोलावर नाचते. असा नाचते का सारा हॉल टाळ्या वाजवून राहिला. माहे हात मांडीवरच होते.

काहून का मले तू दिसला. नवरा गेल्यावर मी तुह्याकडे येऊन राहिली होती, तवाची गोष्ट. रामटेकच्या खालचं आपलं धानाचं गाव, अन् सरकारी साहेब जीपमधून आलेला. तुह्या मालकाच्या, मालगुजाराच्या आंगणात सारं गाव जमा झालं. आजा कर्जापायी त्या घरी राबाले बांधलेला, त्याच्या मागं तू. साहेबानं कागद वाचला, आजपासून तुले कोणी जबरीनं राबवू शकत नाई, जा घरी. तू हात जोडून उभा होता. मंग मालकाकडे पाहून तू इचारलं, "मालक, जाऊ का?" साहेब हसला, मालक हसला, सारं आंगण हसलं. मालकानं हातानं जा केलं, तवा तू निघाला.

दुसऱ्या दिवशी उजाडत नाई तर तू डोक्याले दुपट्टा गुंडाळून राहिला. "कुठं चालला गा बा?" "ढोरं उपाशी हायेत." "ज्याची ढोरं त्यानं पाहावं." "त्याले तणसाची पेंडी तरी सोडता येते काय वं?" असं म्हणून गेला. तुले कोणी बोलावलं नोतं. सांजेले वापस आला तर आपल्याच आंगणात उभा, कुठं बसावं ते न समजून. मी बाज टाकली. तू बाजेच्या बाजूले खाली बसला. पुढं तू डोळे मिटेपर्यंत हेच पाहात होती मी.

सिनेमा झाल्यावर आमी तिघं एका खोलीत बसलो. दोन सिनेमे उरले होते, हा अन् एक संताचा. जो निवडला, तो या थंडीत सरकारी गाडी गावोगावी दाखवणार. आपल्या गावातही, त्याच मालगुजाराच्या आंगणात. वकीलसाहेबाले संत पाहिजे, बाईले हा. म्हणजे घोंगडं माह्याच गळ्यात. मी म्हतलं, "हे नाचणं खोटं हाय. सुटलेला माणूस नाचत नाई, जाऊ का म्हणून इचारते." तुही सारी गोष्ट सांगतली. वकीलसाहेब खुश. प्रोफेसरबाई माह्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुमचे वडील नाचले नाहीत, हे खरं. पण कोणीच नाचलं नसेल, हे तुम्ही कशावरून सांगता?" मी मताची कोरी चिठ्ठी हातात फिरवत राहिली.

चिठ्ठ्या टाकल्या अन् घरी आली. तवापासून जीव एका जागी बसून नाई राहिला. वरण करपलं. झाडू हातात घेऊन उभी राहिली, काहून घेतला तेच आठवेना. शेजारीण म्हणते, "काहून वं, दुसरा नवरा पाहून राहिली का?" मी म्हतलं, "पायला, पण तो लय नाचते." तिच्यासमोर त्या म्हाताऱ्याची नक्कलही केली, मोहल्ल्यातल्या बाया पोट धरून हसल्या. उद्या निकाल वाचणार. वकीलसाहेब समजून बसले हायेत का माहं मत त्यायच्या संताले. बायाही तेच समजून राहिल्या.

तुले लिहून राहिली, पण तुह्या हाती कोण देणार, अन् देलं तरी तुले वाचता कुठं येत होतं. म्हणून लिहून टाकाले भेव नाई. नाच खोटाच हाय, आजही मी तेच म्हणन. पण मत मी त्या नाचाच्या सिनेमालेच देलं, बा. ज्या आंगणात लोक तुह्यावर हसले, तिथं बसून त्यायनं पाहावा, एक म्हातारा कोणाले न इचारता नाचताना.