फोकस फक्त टेबल टेनिस

१ जून, सकाळी ६.१०
निर्णय झाला. तुळसी सात वर्षांची झाली, आता उशीर नको. फक्त टेबल टेनिस. स्विमिंग, स्केटिंग आणि बिल्डिंगखालचा फुटबॉल आजपासून बंद. बायको ऊर्मी म्हणाली, आधी तिला विचार तरी. ऊर्मीला स्पोर्ट्स सायन्स कळत नाही. मी काल दोन व्हिडिओ बघितलेत.

३ जून
नुंगंबाक्कम भागात कोच नारायणस्वामींना भेटलो. वय सत्तर. म्हणाले, या वयात सगळं खेळू दे, माझ्याकडे आठवड्यातून दोनदा पुरे, बारा वर्षांची झाली की बघू. माणूस सज्जन. महत्त्वाकांक्षा शून्य.

४ जून
दुसरे कोच मिळाले. यश सर, वय सव्वीस. म्हणाले, सहा दिवस, पहाटे साडेपाच, दुसरा खेळ अजिबात नको. शिवाय दोन वर्षं उशीर आधीच झालाय. ऐकून फार बरं वाटलं.

१९ जून
तुळसीला उठवायला पाऊण तास. शिस्त लागतेय.

७ जुलै
पोट दुखतं म्हणाली. क्लास बुडाला. सहा वाजता तीन डोसे खाल्ले. डाएट सुधारतंय.

१० ऑगस्ट, तांबरम
पहिली टूर्नामेंट. समोर सहाना नावाची मुलगी, नारायणस्वामींची शिष्या. पोहते, फुटबॉलही खेळते म्हणे. म्हणजे फोकस नाही.
तुळसी ३-११, २-११, ४-११.
दुसऱ्या गेमनंतर तिने अंपायरना तमिळमध्ये विचारलं, अंकल, हे संपल्यावर मी खेळायला जाऊ का? सगळा हॉल हसला. मीही हसलो. जरा उशिरा.
नंतर दोघी हॉलमागे पकडापकडी खेळत होत्या. तुळसीला एवढं पळताना दोन महिन्यांत बघितलं नव्हतं.

१९ ऑगस्ट
तुळसीला घेऊन नारायणस्वामींकडे गेलो. पुढचा प्लॅन लिहून नेला होता. तो न बघताच म्हणाले, मंगळवार आणि शुक्रवार, बाकीचे दिवस तिचे. एकच अट, आईवडील गेटबाहेर.
मान्य केलं. लांबून निरीक्षण चांगलं होतं.
बाहेरच्या बाकावर पाच बाबा बसलेले. आतून तुळसीचं खदखदून हसणं ऐकू आलं. फुटवर्क सुधारलं असावं.
बाकावरच्या राममूर्तींनी विचारलं, तुम्हाला कितव्यांदा बाहेर काढलं? म्हटलं, पहिल्यांदाच.
ते सरकले. मी बसलो.