शेवटपर्यंत बत्तीस दात

३ नोव्हेंबर, सोमवार

विसरलीस ना? काल एवढं सांगितलं आणि आज ऐकायला गेले तर कोरी! तुझ्यासारख्या नव्याकोऱ्या फोनला एवढा विसर, मग आम्ही म्हाताऱ्यांनी काय करावं? पारमिता म्हणाली, "आज्जे, लाल बटण दाबल्याबिगर ते लिहून घेत न्हाय." म्हणजे बटण मी विसरले. असू दे. तरी दोष तुझाच.

आज दाबलंय. लिही. मी सुलाबाई, निपाणीची. अक्षर एक येत नाही, तोंड मात्र भरपूर चालतं. म्हणून नातीनं ही सोय करून दिली — मी बोलायचं, तू लिहायचं, आणि मी म्हणाले की मलाच वाचून दाखवायचं. दुसऱ्या कुणाला नाही!

आत्ता वाचून दाखवलंस ते ऐकून पोट दुखेस्तोवर हसले. मी म्हणाले, तंबाखूच्या वखारीत होते तेव्हा दातांना मिसरी लावायची. तू लिहिलंस, "मिस्त्री लावायची." अगं, मिस्त्री भिंतीला लावतात! मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. तिनं माझे सगळे दात खाल्ले. आता कवळी आहे, पारमितानंच बसवलेली. दातांची डॉक्टर आहे ती. स्टँडजवळ तिचा दवाखाना आहे, नवा. खुर्ची आपोआप मागं झोपते. पेशंट अजून बेताचेच.

५ नोव्हेंबर

आज मी मेले.

जेवून पडले होते. माझी धाकटी बहीण बाळाबाई बेळगावजवळच्या सांबऱ्याहून आली ती गल्लीच्या तोंडापासून रडतच. "सुलाक्का गं! मला न सांगता गेलीस गं!" मी दारात गेले. म्हटलं, "कुठं गेले? च्या टाकू काय?" तिनं आधी मला चिमटा काढून बघितला. मग शिव्या मलाच! "जित्ती हाईस तर फोन उचलायला काय झालतं?"

तिच्या नातसुनेनं फोनवर वाचलं म्हणे, पारमितानंच लिहिलंय. काय लिहिलंय ते तिला धड सांगता येईना. आणलेला हार तिनं पिशवीत दाबायला घेतला. मी काढायला लावला. फुलं ताजी होती, वाया का घालवायची? बाबासाहेबांच्या फोटोला घातला.

६ नोव्हेंबर

सून राणीकडून ते वाचून घेतलं. "माझी आजी रोज पहाटे कडुलिंबाच्या काडीने दात घासायची. शेवटपर्यंत तिचे बत्तीस दात शाबूत होते. दातांची निगा मी तिच्याकडूनच शिकले." खाली एका म्हातारीचा फोटो. गोरीपान, नाकात नथ, हातात पुस्तक!

'घासायची'. जन्मभर अक्षरांच्या वाटेला गेले नाही, आणि शेवटी चार अक्षरांनीच मारलं.

पारमिता घरी आल्यावर विचारलं, "ही दुसरी आज्जी कुठनं आणलीस?"

ती लाजली. "पुण्याची माणसं लिहून देतात गं. डॉक्टरनं रोज कायतरी टाकावं लागतं, न्हायतर कोण ओळखतंय? मी नुस्तं हो म्हणते. वाचलंबी नव्हतं."

"मग लोक तुला ओळखणार का तिला?"



७ नोव्हेंबर

कडुलिंबाची काडी चावून बघितली. कवळीत अडकली. थू!

९ नोव्हेंबर, रविवार

मालुबाईनं घोळ घातला. ती माझ्याबरोबर वखारीत होती. शेजारी बसून तंबाखू निवडायचो, एकाच डबीतली मिसरी लावायचो. जीभ मात्र तिची माझ्यापेक्षा लांब. आपल्या सुनेकडून तिनं त्या फोटोखाली लिहवून घेतलं — "सुलीच्या तोंडात एक दात न्हाय. बत्तीस कुणाचे मोजलासा?"

सगळी निपाणी हसली. मराठीतून हसली, कानडीतून हसली. मीही हसले.

पारमिता नाही हसली. एक मास्तर दाताची मुळं साफ करून घ्यायला यायचे होते, ते आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, "जित्त्या आज्जीला मारणारी, माझा बरा दात किडका म्हणायला तिला किती वेळ लागंल?" खुर्ची दिवसभर रिकामी. "त्यांचं काय चुकलं?" एवढंच म्हणाली आणि ताटावरून उठली. मग मलाही हसू येईना. एवढं शिकून दवाखाना घातला, आणि आता तिच्या शब्दावर कुणी तोंड उघडणार नसेल तर करायचं काय?

११ नोव्हेंबर

पुण्याहून सल्ला आला — मालुबाईचं पुसून टाका, वर दुसरं काहीतरी गोड घाला. पारमिता फोनवर बोट धरून बसली.

मी म्हटलं, "पूस की. मग निपाणीची जीभबी पूस."

"आज्जे, खरं लिहिलं तर लोक म्हणतील, दाताच्या डॉक्टरच्या घरातच दात न्हाईत."

"न्हाईतच की! म्हणून तर डॉक्टर झालीस."

पारमिता लहान होती तेव्हा पेरू चमच्यानं खरवडून मला भरवायची. राणी ओरडायची, आधी तू खा म्हणून. "मी तुला जत्रंतनं दात आणीन," म्हणायची. बांगड्यांसारखे मिळतात असं वाटायचं तिला.

मालुबाईचं तिनं पुसलं नाही. फोटोतली गोरी म्हातारी तेवढी पुसली.

१३ नोव्हेंबर

आज माझं शूटिंग झालं! राणीनं फोन धरला. पुण्याच्या लोकांनी पाठवलेला कागद पारमितानं बाजूला ठेवला आणि सुरू झाली — "ही माझी आज्जी सुलाबाई. जित्ती हाय. मागं लिहिलेलं खोटं होतं. मी न वाचता माझ्या नावावर जाऊ दिलं, चूक माझी." मग मिसरीनं हिरड्या कशा जातात ते सांगितलं. अडखळली. कानडीत सांगताना तर दोनदा चुकली. मी म्हटलं, चुकलेलं राहू दे, तेवढीच तू वाटतीस.

मग मी कवळी काढून वाटीत ठेवली आणि तोंड उघडून दाखवलं. गाल आत गेले, नाक हनुवटीला भेटायला आलं. मी म्हटलं, "मोजा आता बत्तीस!" राणीचा हात हसून एवढा हलला की परत काढावं लागलं. दुसऱ्यांदा मला तेवढं मजेदार जमलं नाही. मग हललेलंच टाकलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज दवाखान्यात बसायला जागा नव्हती. बायकाच बायका! कुणाच्या कमरेला मिसरीची डबी, कुणाच्या पदराला. चिकोडीकडची एक कानडी बाई माझ्याजवळ येऊन "ह्यांग अदीरी अज्जी?" — कशा आहात आज्जी — म्हणाली आणि पहिल्यांदा माझंच तोंड उघडायला लावलं — खात्री करायला! मला कवळी काढून घालून कंटाळा आला.

मास्तरही आले. खुर्चीत झोपायच्या आधी म्हणाले, "खरं सांगशील न्हवं पोरी?" ती म्हणाली, "सर, दुखंल. हे खरंच सांगते." बसले की मुकाट्यानं!

१९ नोव्हेंबर

मालुबाई दवाखान्यात आली. दारातनंच, "मी दावायला न्हाय आले. सुली मोठी हिरॉइन झालीया म्हणं, तिला बघायला आले."

मी म्हटलं, "आलीस तर बस की खुर्चीत. फुकटचा झोपाळा हाय."

बसली. पारमितानं गालात बत्ती घातली. परत बघितलं. गालाला आतून पांढरा चट्टा होता. मालुबाई म्हणाली, "ते व्हय? लई दिसांचं हाय. दुखत न्हाय." पारमिता म्हणाली, "मावशी, दुखत न्हाय म्हणूनच बघाया पायजे." त्यातला तुकडा काढून बेळगावला तपासायला पाठवलाय. मालुबाई जाताना एक शब्द बोलली नाही. तिला गप्प बसलेली मी आज पहिल्यांदा बघितली.

घरी येऊन माझंही तोंड तपासून घेतलं. काही नाही. तरी झोप येत नाही.

४ डिसेंबर

मालुबाईचा चट्टा वाईटच निघाला. पण मुळं धरायच्या आत सापडला, म्हणाले बेळगावचे डॉक्टर. आज इथं बेळगावच्या दवाखान्यातच काढला. बरेच दिवस तिला बोलायचं नाही, नुसती माझा हात दाबते. आता हे एवढं बाळाबाईला धाड, सांबरा इथनं जवळ आहे — नाचणीची आंबील कर. पातळ, गार केलेली, मिरचीचं बोटसुद्धा लावू नको. आणि दोघींपुरती पाठव, मी इथंच तिच्या खाटेजवळ आहे.